येऊन राह्यला

१

आधीच सांगून ठेवते, मी भुतंखेतं पाहणाऱ्यातली नाई. सकाळी सहाले बोरगाव मेघेहून सायकल काढायची, आठच्या आत सहा बुढ्याइची अंथरुणं बदलायची, हागणं-मुतणं काढायचं, आंघोळी घालायच्या, डोकी विंचरायची, अकराले एकेकीले जेवू घालायचं, दुपारी कूस बदलून पाठीले पावडर लावायची. एवढं ज्या बाईले रोज करा लागते, तिले भूत पाहाले टाइम कुठं हाय? अन् जे मी सांगून राह्यली ते काही रातचं नाई. भर उन्हाळ्यातल्या दुपारचं हाय, जवा वर्ध्यात कुत्रं बी सावली सोडत नाई.

'विसावा' वृद्धाश्रमात मी पाच वर्षं काम केलं. एका कापूस दलालाचा बंगला ट्रस्टले भेटलता. वर टिन, खाली शहाबादी फरशी, पुढं व्हरांडा, अन् मंधात बायकाइचा लांब हॉल. हॉलच्या भिंतीवर पाटी होती: 'येथे कोणीही एकटे नाही'. ती पाटी पुसाचं काम बी माझ्याचकडं होतं.

महादेवराव म्हणून व्यवस्थापक होते, रिटायर झालेले हेडमास्तर. आम्ही त्याइले सर म्हणत होतो. कामावर लागली त्याच दिवशी त्यांनी मले हाफिसात बोलावलं.

"गोपिकाबाई, या वास्तूत 'नाही' हा शब्द वापरायचा नाही. समजा एखाद्या आजींनी विचारलं, माझा मुलगा कधी येणार? काय सांगाल?"

"मले काय मालूम जी? पोराले विचारा लागंल."

"चूक. 'येत आहेत' असं सांगायचं. प्रेमानं. म्हातारी माणसं शांत राहतात."

शांत राहतात! म्हणजे यांच्या हाफिसात येऊन रडत नाईत. पण पोट हातावर होतं, मी मान हलवली. सरांचं 'येत आहेत' आमच्या तोंडी येऊन 'येऊन राह्यला' झालं. आता बाहेरच्याले त्यात फरक नाई दिसायचा, पण फरक हाय. 'येईल' म्हटलं का माणूस उद्यावर टाकते. 'येऊन राह्यला' म्हणजे निघाला हाय, रस्त्यात हाय, आत्ता या घडीले पाय उचलून राह्यला हाय. ते ऐकलं का बुढी दाराकडं पाहते. मी पाच वर्षं त्याइले दाराकडं पाहाले लावलं. खोटं सरांचं होतं, पण तोंड माझं होतं, अन् त्याची चीड मले आजबी येते.

२

भागीरथा माय एक्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर आली. अल्लीपूरची शेतकरीण, नव्वदीले टेकलेली, काठीसारखी सरळ. जीपमंधून आली. सोडाले पोरगा नाई, पोराच्या हाफिसातला शिपाई आलता. पोरगा, हरिदास साहेब, नागपूरले मोठे अधिकारी, त्याइले मीटिंग होती म्हणे. फारमावर 'नातेवाईकाची सही' असं होतं, तिथं बी शिपायानंच सही केली. मायनं ते पाहिलं. मी बी पाहिलं. सर दुसरीकडं पाहत होते.

अल्लीपूरचं घर अन् वावर तिच्या लेकानं आधीच विकून टाकलं होतं. ट्रंकेत दोन लुगडी होती, एक पितळी पेला होता, बस्स.

चार महिने ती बरी होती. निवडणं-टिपणं करायची, आनंदाबाईसंग भांडायची. आनंदाबाई म्हणजे बाजूच्या खाटेवरची; डोळ्यानं अधू, पण कान असे तेज का फाटकावर चिमणी बसली तरी सांगायची. मंग शिमगा झाला अन् मायनं जेवणच सोडलं. रुसून नाई, रागावून नाई. घास तोंडापाशी नेला का तोंड मिटून घ्यायची अन् माझ्याकडं असं पाहायची, जसं का मीच लहान हाय अन् मले समजत नाई.

"तोंड उघडून भरवा," सर म्हणाले.

"मी नाई भरवत जी. ती काय वासरू हाय?"

"अहो, मग काही झालं तर ट्रस्टला उत्तर कोण देणार?"

बुढी मरून राह्यली अन् याइले ट्रस्टची पडली! पाच दिवस ती चहाच्या बशीवर होती. सहाव्या दिवशी हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राह्यली. मले भेव वाटलं. सवयीनं तोंडातून गेलं, "माय, दोन घास खाऊन घ्या. येऊन राह्यला तुमचा हरिदास."

तिनं डोळे उघडले.

"कुठवर आला?"

आजवर हे कोणीच विचारलं नव्हतं. बाकीच्या नुसत्या दाराकडं पाहत. मी गडबडली.

"नागपूर सोडलं, बुटीबोरीपर्यंत आला," मी म्हटलं.

"पायीच असंल. त्याले लहानपणापासून मोटार लागते, ओकाऱ्या होते." एवढं बोलून तिनं तोंड उघडलं. वरणभाताचे सात घास खाल्ले.

३

तिथून ते रोजचंच झालं. ताट घेऊन बसली का ती विचारायची, कुठवर आला, अन् मी सांगितलं का जेवायची. नाई सांगितलं तर नाई जेवायची. एवढं साधं होतं ते. तिचा जीव माझ्या तोंडावर टांगलेला होता.

सरांले समजलं तर ते खूश! "उत्तम प्रयोग आहे, गोपिकाबाई. इतर सेविकांनाही शिकवा." त्यांनी त्याचा अहवाल बी लिहिला. पण मले वेगळाच घोर लागलता. नागपूर ते वर्धा रस्ता तो केवढा? तीन तासात यष्टी येते. उद्या तो दारात आला का मी तिले दाखवू काय? म्हणून मी त्याले हळू चालवला. केळझरले गणपतीच्या पाया पडाले थांबवला. सेलूले त्याच्या पायात काटा मोडला. एका गावात चहा पाजला, दुसऱ्यात कोण्या ओळखीच्यानं जेवाले ठेवून घेतला. आनंदाबाई हसायची, "गोपिके, तुह्या हरिदासानं लगनाची वरात काढली का काय वो?"

मधात मी खऱ्या हरिदासले दोन कार्डं टाकली. आई जेवत नाई, एक डाव येऊन तोंड दाखवा, असं. पंधरा दिवसांनी टाइप केलेलं उत्तर आलं: 'पत्र पोचले. योग्य ती काळजी घ्यावी.' खाली सही बी शिक्क्याची. योग्य ती काळजी घ्यावी! अरे, तुह्या मायचं मूत मी काढून राह्यली, अन् तू मले हाफिसाचं पत्र पाठवते? त्या दिवशी माझ्या हातून दोन कपबशा फुटल्या.

रागारागात मी ठरवलं, खरा येत नाई तोवर खोट्याले बी येऊ द्यायचं नाई. पवनारच्या पुलावर आणून बसवला त्याले. पाय सुजले म्हणून सांगितलं. एक दिवस, दोन दिवस, दहा दिवस. माय जेवायची, पण कमी कमी जेवाले लागली.

"उठला का पुलावरून?"

"नाई माय. बसूनच हाय."

४

आमच्याकडं भाजी मंदाबाई आणायची. पवनारकडं तिची मळ्याची जमीन होती, वांगी-भेदरं-पालक टोपल्यात घेऊन सकाळच्या गाडीनं यायची. हॉलमंधी ती कधी येत नव्हती. मागच्या दारी टोपलं उतरवायची, पाणी प्यायची अन् जायची. बुढ्याइच्या गोष्टी तिले मालूम असाचं कारण नव्हतं.

एप्रिलातली गोष्ट. मी वांगी वेचून घेत होती. पदरानं वारा घेत ती म्हणे, "काऊन वो गोपिका, तुमच्याइकडं कोणी पाहुणा येणार होता काय?"

"कायचा पाहुणा?"

"पुलावर एक माणूस बसून राहते. आठ-दहा दिवस झाले. मी म्हटलं, उन्हात काऊन बसला बाप्पा? तर मले विसाव्याचा रस्ता पुसते. मी म्हटलं, असा सरळ जाय, वर्धा लागंल. तर उठत नाई. म्हणे, मले थांबवलं हाय."

माझ्या हातातलं वांगं हातातच राह्यलं.

"कोणं थांबवलं म्हणे?"

"ते नाई सांगितलं."

"दिसाले कसा हाय?"

मंदाबाईनं डोकं खाजवलं. "आता काय सांगू! माणसासारखा माणूस. पाय मातर लय सुजले हायेत बिचाऱ्याचे." अन् टोपलं उचलून चालती झाली.

५

मी सातवी पास हाय. डोकं चालवलं. पवनारले आश्रम हाय, दहा ठिकाणचे लोक येतात, त्यातला कोणी असंल. विसाव्याचं नाव कोणाले बी मालूम असते. अन् मंदाबाईले बातमीले तिखटमीठ लावाची सवय हायच. असं सगळं मी स्वतःले समजावलं. समजलं बी. पण दुसऱ्या दिवशी ताट घेऊन बसली तर तोंडातून शब्द फुटेना.

"कुठवर आला?" माय विचारे.

"आज नाई मालूम."

तिनं तोंड मिटलं. त्या दिवशी मिटलं, दुसऱ्या दिवशी मिटलं. तिसऱ्या दिवशी ती हाक मारली तरी डोळे उघडेना. तवा मी काय कराले पाहिजे होतं, सांगा बरं? पुलावरून उठवला मी त्याले. म्हटलं, वर्ध्यात आला माय, टेसनापाशी हाय. तिनं अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली.

चार दिवसांनी चिंधू भाऊ, म्हणजे आमचा चौकीदार, मले म्हणे, "बाई, आपल्या फाट्यावरच्या निंबाखाली कोणीतरी उभा राहते दुपारचा. हाक मारली तर वळत नाई." मी फाटा कालच सांगितलता. निंब बी मीच सांगितलता.

सायकल घेऊन मी तिथं गेली. ऊन मी म्हणत होतं. निंबाखाली कोणी नव्हतं. बारीक पांढरी धूळ होती, अन् धुळीत पायाचे ठसे, उघड्या पायाचे. एकाच जागी उभं राहून राहून खोल गेलेले. मी माझी चप्पल त्यावर ठेवून पाहिली. काऊन पाहिली, ते देवाले मालूम.

वापस आल्यावर मी सरळ मायच्या खाटेवर बसली. म्हटलं, आता खोटं बंद. मरंल तर मरंल, पण खरं ऐकून मरंल.

"माय, तुमचा हरिदास येऊन नाई राह्यला. मी मनानं सांगते सगळं. बुटीबोरी बी खोटं, पूल बी खोटं."

ती हसली. तिले दात नव्हते, पण ती हसली का लय साजरी दिसायची.

"मले मालूम हाय वो पोरी. शिपायानं सही केली तवाच मी समजली. हरिदास काही येत नाई."

"मंग जेवता कायच्या भरोशावर?"

"हा येऊन राह्यला ना?" तिनं दाराकडं बोट केलं. "कोणाचा का असंना. माह्यासाठी कोणी एवढं चाललं नाई. तू त्याले लय थांबवते, गोपिके. तो चिडते तुह्यावर."

"कोणं सांगितलं तुम्हाले?"

"आनंदाबाईले ऐकू येते. आता जवळच हाय म्हणे." मंग माझा हात धरून हळूच विचारे, "त्याचं तोंड कसं हाय सांग ना. तोंडाचं तू काहीच सांगत नाई."

खऱ्या हरिदासले मी कधी पाहिलंच नव्हतं, तर सांगू काय? मी हात सोडवून घेतला. बाजूच्या खाटेवर आनंदाबाई कान देऊन पडली होती, अन् ती अजिबात हसत नव्हती.

त्या दिवसापासून मी त्याले निंबाखालून हलवला नाई. मायनं बी विचारणं सोडलं. चार चार घास खायची, अन् वाट पाहायची. आता तिच्या जीवात अन् त्याच्यात फक्त फाटक होतं, अन् फाटकाची कडी माझ्या तोंडात. मले झोप नव्हती.

६

मे महिन्यात ट्रस्टचा वाढदिवस आला. अध्यक्ष येणार, पाहुणे येणार, फोटोवाला येणार. सरांनी आठ दिवस आम्हाले भिंती पुसाले लावल्या. ज्या बुढ्याइले बेडसोर होते त्याइच्यासाठी मी नव्या गाद्या मागितल्या होत्या, त्या नाई आल्या, पताका आल्या. अंगणात मांडव टाकला. पाच जणींले नवी लुगडी नेसवून मांडवात बसवलं. मायले बसवत नव्हतं, ती खाटेवरच राह्यली.

चार वाजले असतील. पाहुणे हॉल पाहाले आत आले, मी मागं सरबताचा ट्रे घेऊन. अध्यक्षांनी मायच्या डोक्यावरून हात फिरवला, फोटोवाल्यानं फोटो काढला. अन् मायनं सगळ्याइसमोर विचारलं, मले नाई, सरांले:

"कुठवर आला जी?"

"कोण हो?" अध्यक्षांनी विचारलं.

"मुलाची वाट पाहतात," सर म्हणाले. त्याइले आपला प्रयोग दाखवाचा होता, तोंडाले पाणी सुटलं होतं. मी मागून मान हलवली, डोळे मोठे केले, ट्रे खाली ठेवून हात बी जोडले. त्यांनी पाहिलंच नाई.

"अहो आजी, आला! फाटकात उभा आहे. येऊ दे ना त्याला आत?"

"येऊ द्या," माय म्हणाली.

"मग ये रे बाबा आत!" सर दाराकडं तोंड करून मोठ्यानं ओरडले, अन् सगळे पाहुणे हसले. असं साजरं हसले! मंग चहापानाले मांडवात निघून गेले.

बाहेर फाटकाची कडी वाजली.

७

"गोपिकाबाई, सरबत!" मांडवातून सर ओरडले. मी गेली. का गेली मी? नोकरी म्हणून गेली. दहा मिनिटं मी तिथं गिलासं वाटत होती. आनंदाबाई खुर्चीवर ताठ बसली होती. जवळ गेली तर माझा पदर धरला. "व्हरांड्यात हाय," ती म्हणे. "अनवाणी हाय." ट्रे तिच्या मांडीवर ठेवून मी पळाली.

व्हरांड्यात मी सकाळीच फरशी पुसलती. त्यावर पांढऱ्या धुळीचे पाय होते. पायरीपासून हॉलच्या दारापर्यंत, एकामागं एक, घाई नसलेले. कवाड लोटलेलं होतं. आतून मायचा आवाज येत होता. हसून बोलत होती, पोरीसारखी. अन् मधामधात दुसरा आवाज.

"केळझरले गणपतीच्या पाया पडलो," तो म्हणे. "सेलूले काटा मोडला. चहा पेलो. पाय सुजले म्हणून पुलावर बसलो."

"मंग?" माय विचारे.

"सेलूले काटा मोडला. चहा पेलो. पाय सुजले म्हणून पुलावर बसलो."

तेवढंच. पुन्हा पुन्हा तेवढंच. मी जे सांगितलं होतं तेवढंच त्याच्यापाशी होतं, त्याच्याबाहेरचा एक शब्द नाई. अन् बोलताना जिथं मी श्वास घेत होती, तिथंच तो घेत होता.

मी फटीले डोळा लावला. आधी पाय दिसले, गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे, पावलं सुजून फुगलेली. मंग हात दिसला. पितळी पेल्यानं तो मायले पाणी पाजत होता, लय सांभाळून, हनुवटीखाली दुसरा हात धरून. मी पाजते तसंच. मायनं आपला हात वर उचलला अन् त्याच्या तोंडावरून फिरवाले लागली. कपाळावरून फिरवला, खाली आणला, पुन्हा वर नेला. काहीतरी शोधल्यासारखा तिचा हात फिरत होता. त्याची मान हळूहळू माझ्याकडं वळली.

मी त्याले तोंड सांगितलं नव्हतं.

"गोपिके," माय आतून म्हणाली, अगदी नेहमीसारखी, "कवाड लाव वो बाई. ऊन येते."

मी कवाड ओढून घेतलं. हे मी कोणालेच सांगितलं नाई, आज सांगते. मी आत गेली नाई, ओरडली नाई, कवाड ओढून घेतलं अन् पाठ लावून उभी राह्यली.

पाहुणे गेल्यावर मी उघडलं. माय खाटेवर सरळ निजली होती, केस नीट मागं सारलेले, हात छातीवर. गेलती. दुपारचं झाकून ठेवलेलं ताट पुसून घेतल्यासारखं रिकामं होतं. येतानाचे पाय खाटेपर्यंत होते. जातानाचे कुठंच नव्हते.

८

तार गेली. हरिदास साहेब दुसऱ्या दिवशी दहाले आले. अँबेसेडरमंधून आले, पान खात. मोटार लागते म्हणे याले! पन्नाशीचा गोरा माणूस, हातात रुमाल. हॉलच्या दारातूनच त्यांनी आईले पाहिलं.

"सुटली बिचारी," ते म्हणाले. "त्रास झाला का फार?"

"नाई."

"माझं नाव घेतलं का शेवटी?"

त्याइले उत्तर पाहिजे बी नव्हतं, घड्याळ पाहत होते. मंग मले बाजूले व्हरांड्यात घेतलं, आवाज खाली केला.

"हे बघा बाई, अल्लीपूरची मंडळी येतील आता. मी दर महिन्याला येत होतो असं तुम्ही सांगा. समाजात जरा बरं दिसतं. सरांशी बोललो आहे मी."

सर मागंच उभे होते. त्यांनी मान हलवली, प्रेमानं.

"सांगते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती? पण हरिदास साहेबाचं एवढ्यावर झालं नव्हतं.

"सर तुमची फार तारीफ करतात. आणखी एक काम होतं. आमच्या सासूबाई आमच्याकडेच असतात, अंथरुणावर आहेत. मिसेसला एकटीला होत नाही. कोणी चांगली बाई पाहिजे दिवसभर. तुम्ही येता का नागपूरला? राहायची सोय करू."

"सासू घरी हाय तुमची?" मी विचारलं.

"मग? घरचं माणूस असं कुठेतरी कसं ठेवणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागं हॉलमंधी त्याची माय थंड पडली होती, जिले शिपायाच्या सहीवर टाकून दिलं होतं, अन् हा माणूस मले माणुसकी शिकवून राह्यला! हातात काही असतं तर मी मारलं असतं त्याले. हातात फक्त ओलं फडकं होतं. मी ते घट्ट पिळलं, अन् मंग एकदम शांत झाली. कायले शांत झाली ते तुम्ही समजून घ्या.

"मी नाई येत साहेब," मी म्हटलं. "पण माणूस पाठवते. पत्ता नीट सांगा."

"विश्वासू आहे ना?"

"लय. सांगितलं तिथं थांबते, सांगितलं तिथं जाते."

"जेवणखाण, अंघोळ, सगळं जमतं?"

"पाणी बी पाजते. सांभाळून."

साहेबानं पत्ता सांगितला. धंतोलीत, दवाखान्याच्या मागची गल्ली, डाव्या हाताले हिरवं फाटक, दारात मधुमालतीचा वेल. जिन्यानं वर. सासूबाईची खोली उजवीकडं, साहेबाची तिच्यासमोर. मी दोनदा म्हणवून घेतला. "सामान वगैरे काही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याचं सामान नसते, तुम्ही फक्त दार उघडा.

९

मायले नेलं. अल्लीपूरचे लोक आले, मी सांगाचं ते सांगितलं. तिची गादी उन्हात टाकली. पण खाटेजवळ कोणी सेविका जाईना, अन् आनंदाबाई म्हणे, त्या खाटेवर कोणी बसलेलं हाय, करकर वाजते. तीन दिवस तो तिथंच होता. त्याले जाले जागा नव्हती, मी सांगितलीच नव्हती ना.

चौथ्या दिवशी दुपारी, सगळ्या जेवून पडल्यावर, मी त्या रिकाम्या खाटेसमोर स्टूल घेऊन बसली. सहज सांगावं तसं सांगितलं. धंतोलीची गल्ली सांगितली, हिरवं फाटक सांगितलं, जिना सांगितला. उजवीकडं नाई, म्हटलं, समोरच्या खोलीत. अन् रस्त्यात मी त्याले कुठंच थांबवलं नाई.

खाट करकरली. "उठला," आनंदाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाली. कवाड हललं, व्हरांडा ओलांडला, फाटकापाशी चिंधू भाऊ "कोण हाय बे?" म्हणून ओरडला अन् मंग गप झाला.

लोक म्हणतील, गोपिकाबाई वंगाळ वागली. म्हणू द्या. मले उलिसाबी पस्तावा नाई. मी उठली, बादलीत पाणी घेतलं, अन् खाटेपासून दारापर्यंतची धूळ पुसाले बसली.